म्हशी दावणीलाच राहिल्या: २०१९ च्या महापुरातलं एक घर

अण्णांना मी पहिल्यांदा बघितलं ते १३ ऑगस्ट २०१९ ला. छावणी होती त्या शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून बसलेले आणि मांडीवर दुधाची किटली, रिकामी. बोटीत चढताना माणूस काय उचलेल ते सांगता येत नाही, त्याच छावणीत एका बाईनं मिक्सरचं फक्त भांडं आणलेलं, मिक्सर घरीच पाण्यात. त्यामुळं किटलीचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

पूरग्रस्तांच्या मनाला आधार द्यायचं आमचं काम, आणि हे प्रकरण मी त्या कामातल्या नवीन पोरापोरींना ट्रेनिंग देताना सांगते, आणि प्रत्येक वेळी तोंडीच सांगितलंय म्हणून आता एकदा लिहून काढतेय. गाव शिरोळ तालुक्यातलं, नाव देत नाही, घरच्यांच्या दोन-चार गोष्टी ओळखू येऊ नयेत म्हणून बदलल्यात. घरात अण्णा, वय साठीच्या आत-बाहेर, अक्का म्हणजे त्यांची बायको, मुलगा एमआयडीसीत कामाला, सून आणि पहिलीतला नातू. दीड एकर ऊस आणि चार जनावरं. ऊस वर्षानं पैसे देतो, दूध दहा दिवसाला बिल देतं, म्हणजे घर खरं चालायचं ते म्हशींवर, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही पण बाहेरून मदतीला आलेल्यांना लागतं.

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या आहेत आणि तिथल्या माणसाला पाणी नवीन नाही. नृसिंहवाडीला देवळात पाणी शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात अंघोळ करायला गाड्या करून येतात. सुरुवातीचं पाणी हे असं कौतुकाचं असतं. आणि प्रत्येक घराला आपापली खूण असते, ०५ ला पाणी कुठवर आलेलं ती. अण्णांच्या गोठ्याची खूण होती पायरी. २००५ च्या पुरात पाणी गोठ्याच्या दुसऱ्या पायरीला लागून परत फिरलेलं. म्हणून ५ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, पुतण्याचा ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी गाय आणि रेडी तेवढी जयसिंगपूरकडं पाहुण्यांकडं धाडली आणि दोन दुभत्या म्हशी ठेवल्या. दूध चालू होतं, पाहुण्यांच्या दारात चार जनावरं बांधायला जागा नव्हती, आणि पाणी पायरीच्या वर येत नाही हे चौदा वर्षं माहीत होतं.

त्या वर्षी राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाला ५७ च्या वर. हायवे आठवडाभर बंद. पाण्याला फूग होती, म्हणजे पुढं उतरायला जागाच नाही म्हणून मागं मागं चढत येतं ते पाणी, आवाज न करता. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं फूग येते की नाही यावर आमच्याकडं चहाच्या गाड्यावर सुद्धा भांडणं लागतात, मी त्यात पडत नाही.) ८ ऑगस्टला पलीकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, बायका-पोरं, आणि त्याच दिवशी अण्णांच्या गल्लीत बोट आली. बोटवाल्यांनी सांगितलं फक्त माणसं. गोठ्यात तेव्हा गुडघ्याच्या वर पाणी होतं. अण्णांनी म्हशींना वैरण टाकली, दावी एकदा ओढून बघितली आणि बोटीत बसले, संध्याकाळी दुसऱ्या फेरीला बोट आली की परत येऊ म्हणून. दुसरी फेरी झालीच नाही.

हे सगळं मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते अक्कानं सांगितलेलं एवढंच, की पाच दिवस झालं बोलत नाहीत, भरवलं तर दोन घास खातात, रात्रभर बसून असतात.

पहिल्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगायला लाज वाटते पण सांगते. आमची चौघांची टीम, दोघं पुण्याहून आलेले, उत्साह भरपूर. एका वर्गात सतरंजीवर वीस-बावीस लोकांना गोल बसवलं आणि सुरू केलं, बोटीत बसताना तुम्हाला काय वाटत होतं ते एकेकानं सांगा, मन मोकळं करा. तिसऱ्या बाईपर्यंत रडारड, सातव्या माणसापर्यंत निम्मे लोक उठून गेलेले आणि अण्णा तर दारातनं आतच आले नव्हते. एक म्हातारे जाता जाता म्हणाले, "ताई, आमी रडल्यावर तुमचं काम हुतंय का?" मला उत्तर आलं नाही. खरं तर हे मला तेव्हा सुद्धा माहीत असायला हवं होतं की संकटानंतर लगेच माणसांना बसवून एका बैठकीत सगळं ओकायला लावणं हे जागतिक आरोग्य संघटनाच करू नका म्हणते, त्यानं फायदा दिसत नाही आणि काहींना उलट त्रास होतो. तिथं सांगितलेली पद्धत साधी आहे, आधी बघा, मग ऐका, मग जोडून द्या. बघणं म्हणजे कोण जेवत नाही, कुणाची गोळी चुकतेय, कुणाजवळ कुणीच बसलेलं नाही. आम्ही बघणं सोडून थेट ऐकायलाच बसलो होतो, आणि ते पण माईक दिल्यासारखं.

दुसऱ्या दिवसापासून मी गोल-बिल बंद केलं आणि व्हरांड्यात अण्णांच्या शेजारी नुसती जाऊन बसायला लागले. चहा आला की दोन कप घ्यायचे, एक त्यांच्यापुढं ठेवायचा, न बोलता आपला प्यायचा. अर्धा तास. परत संध्याकाळी अर्धा तास. मला वाटतं या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, कारण रिपोर्टमध्ये काय लिहायचं हा प्रश्न येतो. मी लिहिलं, "सोबत बसले." आमच्या कोऑर्डिनेटरनं विचारलं, इंटरव्हेन्शन काय केलं.

१५ ऑगस्टला राखी पौर्णिमा पण त्याच दिवशी होती, छावणीत बायका जवानांना राख्या बांधत होत्या, फोटो चाललेले, गडबडीत मी अण्णांना नुसतं म्हणाले, "किटली कितीची हो?" "पाच लिटर." हा पहिला शब्द. मग थोड्या वेळानं आपणहून, "दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर व्हायचं." मी विचारलं किती म्हशी, म्हणाले दोन, आणि परत भिंतीकडं वळले. त्यांनी "व्हायचं" म्हटलेलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोवर घर पडलं असेल, कर्ज असेल, असलं काय काय धरून बसलेले.

त्याच संध्याकाळी मी त्यांना सरळ विचारलं, "अण्णा, मरून जावं असं मनात येतंय का?" हे विचारायला नवी मुलं फार घाबरतात, वाटतं आपण विचारलं तर डोक्यात नसलेलं घालू. तसं होत नाही. बहुतेक माणसाला कुणीतरी विचारलं म्हणून हलकंच वाटतं. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बोटीतनं उडी टाकावी वाटलंतं. आता काय न्हाई. रातचं वाटतंय थोडं." म्हटलं रात्री वाटतं म्हणजे काय करावंसं वाटतं, काही ठरवलंय का. नाही म्हणाले. एवढ्यावर सोडायचं नसतं. कोल्हापूरच्या एका मानसोपचार तज्ज्ञांना फोन लावला, त्यांनी दोन दिवसांनी छावणीत येऊन बघितलं, झोपेच्या गोळ्या मात्र दिल्या नाहीत. छावणीत झोपेची गोळी मागणारे खूप होते आणि देणारे पण भेटतात, पण अशा धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या गोळ्या टाळाव्यात असंच तज्ज्ञांचं म्हणणं असतं. रात्री शेजारी पुतण्यानं झोपायचं ठरवलं. आणि पुतण्याला बाजूला घेऊन सांगितलं, घरी परत जाल तेव्हा फवारणीचं औषध जे काय उरलं असेल ते अण्णांच्या घरात ठेवायचं नाही, तुझ्याकडं कुलपात. तो म्हणाला तसलं काय न्हाई वो त्यांच्यात. मी म्हटलं नसू दे, तरी पण. आता १४४१६ ला टेलीमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फुकट फोनसेवा आहे, मराठीत बोलता येतं, तेव्हा ती नव्हती.

मग जे झालं त्यात आमचा काही हात नाही. शाळेच्या मागं मोकळ्या मैदानात जनावरांची छावणी होती, ताडपत्री टाकून. एका विधवा बाईंची म्हैस पान्हाच सोडेना. माणसासारखंच आहे ते, जनावर घाबरलं, जागा बदलली, दावणीला नवीन शेजारी आला की कास भरलेली असून दूध उतरत नाही, आणि तसंच राहिलं तर कास सुजते. बाईंचा स्वतःचा मनगटाला मार लागलेला. दोघा-तिघांनी बघितलं, म्हैस लाथ झाडायची. कुणीतरी अण्णांना हाक मारली, "तात्याऽऽ, हिकडं या जरा" (गावात त्यांना तात्याच म्हणायचे, अण्णा मी म्हणायचे). मला वाटलं नाही उठतील. उठले. किटली घेऊनच गेले.

मी मागनं गेले. त्यांनी आधी काहीच केलं नाही, नुसते म्हशीच्या अंगाला लागून उभे राहिले. मग पाठीवरनं हात, पोटाखालनं, कासेवर कोमट पाण्याचा फडका, परत हात. तोंडानं च् च् च्. पंधरा-वीस मिनिटं. मग टाचांवर बसून कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं आणि धार काढायला लागले, आणि किटलीत पहिल्या चार धारांचा तो पत्र्यावर पडल्यासारखा आवाज आला आणि मग फेस झाल्यावर बंद झाला. आणि तिथं, म्हशीच्या पोटाला डोकं लावून, माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"म्हस पवती वो ताई. म्हस कवा बुडत न्हाई. सोडल्या असत्या तर लागल्या असत्या कुठंबी कडंला. दाव्यानं बुडल्या. मीच दुहेरी गाठ मारल्याली, पाण्याला भिऊन जातील कुठं म्हणून. सांजच्याला येतो म्हणून सांगून आलतो त्यास्नी."

मी काय बोलणार. "तुम्हाला काय माहीत होतं" हे वाक्य ओठावर आलेलं, गिळलं. ते वाक्य सगळे बोलतात आणि त्यानं समोरचा गप्प होतो. मी एवढंच म्हणाले, "दुहेरी गाठ कशी मारतात?" आणि त्यांनी एका हातानं धार काढत दुसऱ्या हातानं हवेत दाखवलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्या मैदानातली नडलेली जनावरं अण्णांकडं आली. जेवायला लागले, कारण धार काढायची म्हणजे पहाटे उठायचं आणि उपाशी पोटी होत नाही. झोप अजून नव्हती.

आता नंतरचं थोडं भरभर सांगते. पाणी उतरल्यावर लोक घरी गेले, मी पण गेले चार दिवस मुक्कामाला. पूर ओसरल्यावरचं घर ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको, वास आधी येतो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर. गाळ वीतभर, त्यात धान्य कुजलेलं, गाद्या, पोराची दप्तरं, फोटो. आरोग्यवाल्या ताई लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातनं होणारा ताप) गोळ्या देऊन गेल्या, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका म्हणाल्या, आणि सगळे जखमांसकट चिखलात. जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग चौकात येऊन पडलेले, त्यात एक शेरवानी पण होती. खराटा, फावडं, फिनेल आणि प्रेशरचा पंप ज्यांनी आणला त्यांचं नाव गाव अजून काढतं. मला कुणी विचारलं पूरग्रस्तांच्या मनासाठी पहिल्या आठवड्यात काय पाठवू तर मी खराटा म्हणते, लोकांना चेष्टा वाटते.

गोठ्यात अण्णा तीन दिवस गेलेच नाहीत. म्हशी तिथं नव्हत्या, पाण्यानं शेवटी दावी तुटून की कशानं, गेलेल्या, कुठं सापडल्या नाहीत. एका खुंट्याला दाव्याचा तुकडा तसाच होता, दोन हात लांबीचा, गाठ पाण्यानं फुगून लाकडासारखी घट्ट झालेली. मुलगा म्हणाला मी काढून टाकतो, बाबांना दिसायला नको. मी थांबवलं नाही आणि कर पण म्हणाले नाही, म्हटलं त्यांनाच विचार. चौथ्या दिवशी अण्णा आले, बराच वेळ गाठ नखानं उकलायला बघितली, निघेना, मग कोयता मागून घेतला. कापून तुकडा बाहेर गाळाच्या ढिगावर टाकला आणि खुंटा हलवून बघितला की पक्का आहे का.

पंचनामा ही वेगळी कथा. मनाच्या कामाचा आणि तलाठ्याच्या कागदाचा काय संबंध असं मला पण आधी वाटायचं. सानुग्रह अनुदान ग्रामीण घराला दहा हजार, त्यातले पाच हजार रोख हातात. मेलेल्या दुभत्या जनावराला तेव्हाच्या निकषाप्रमाणं तीस हजार, आणि अण्णांची एक म्हैस मुऱ्हा जातीची, दोन वर्षांपूर्वी ऐंशी हजाराला घेतलेली. पण पैशाच्या आधी प्रश्न हा की जनावर होतं हेच कशावरून, मढं वाहून गेलेलं, दाखवायला काही नाही. पंचनाम्याला आलेला पोरगा बिचारा दिवसाला चाळीस घरं करत होता, त्यानं सरळ विचारलं, "म्हशी होत्या कशावरून?" अण्णा उठून आत गेले. तोवर जमवलेलं सगळं त्या एका प्रश्नात पाण्यात गेलं असं मला वाटलं.

इथं आम्ही पहिल्यांदा खरं काहीतरी कामाचं केलं. गावातल्या दूध संस्थेत गेलो. संस्थेचं दप्तर पहिल्या मजल्यावर म्हणून वाचलेलं. सेक्रेटरीनं दोन वर्षांचा खातेउतारा काढून दिला, सकाळ किती लिटर, संध्याकाळ किती, फॅट किती, रोजचं. ७ ऑगस्टची सकाळ शेवटची नोंद, त्यानंतर रेघ. शेजारच्या तिघांनी जबाबावर सह्या केल्या, त्यातल्या एकानं म्हशींचं वर्णन इतकं बारीक दिलं, डाव्या शिंगाला खाच, कपाळावर पांढरं, की लिहिणारा पोरगा हसायला लागला. अण्णा त्या उताऱ्याचे कागद घेऊन संध्याकाळभर ओट्यावर बसलेले, बोट ठेवून ठेवून वाचत. मला दाखवून म्हणाले, "ही बगा, वैरण बदलली तवा फॅट घसरलंतं." सरकारी निकषातलं समुपदेशन मी किती केलं माहीत नाही पण त्या घरात सगळ्यात जास्त उपयोग झाला असेल तर त्या खातेउताऱ्याचा. त्यांच्याकडं काय होतं ते कुणीतरी मोजून ठेवलेलं होतं, आणि ते कागदावर मान्य झालं. पैसे नंतर आले, दोन हप्त्यांत, उशिरा.

आता माझी चूक. हे प्रकरण मी अण्णांचं म्हणून सांगत आलेय आणि तीच चूक आहे.

अक्का पहिल्या दिवसापासून माझ्या समोर होती. माहिती तीच द्यायची, अण्णांना भरवायची तीच, छावणीत चुलीवर दोनशे माणसांचा भात ढवळायला पुढं तीच, घरी आल्यावर पदर खोचून गाळ उपसायला पण तीच. मी विचारायचे अक्का तुम्ही कशा आहात, ते पण चालता चालता, आणि ती म्हणायची, "मला काय हुतंय, मी करतो समदं, तुमी ह्यांचं बगा." (आमच्याकडं बायका पण मी येतो, मी करतो म्हणतात, आमच्या पुण्याच्या सहकाऱ्यानं डायरीत पहिले दोन दिवस तिच्या मुलानं सांगितलं असं लिहून ठेवलेलं.) माझ्या नोंदीत तिच्या नावापुढं लिहिलंय, "खंबीर, घराचा आधार." हा शब्द आता कुणाच्या रिपोर्टमध्ये दिसला की मी लाल पेन काढते.

पंचनाम्याच्या तिसऱ्या दिवशी ती चौकातल्या नळावर पडली. चक्कर. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं तर बीपी वरचं दोनशेच्या जवळ. सिस्टरनं विचारलं गोळी कधीपासून नाही घेतली. सतरा दिवस. गोळ्यांची पट्टी देवळीत होती, देवळी पाण्यात गेली. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस मी त्या बाईच्या आजूबाजूला, छावणीत आरोग्य कॅम्प रोज, गोळ्या फुकट, आणि तिला कुणी विचारलं नाही की मावशी तुम्हाला रोजची काही गोळी आहे का. एक ओळीचा प्रश्न. मी मरायचे विचार येतात का ते विचारू शकत होते आणि हे विचारलं नव्हतं.

सलाईन चालू असताना तिच्याजवळ बसले. ती छताकडं बघत म्हणाली, "म्हशी त्यांच्या हुत्या तशा माज्याबी हुत्या की. शेण मीच काडायचो, वैरण मीच आणायचो. बोटीत मी म्हटलंतं सोडा म्हशी. ऐकलं न्हाई." आणि जरा थांबून, "ही कुनाला सांगू नगा. त्यास्नी कळलं मला आटवतंय म्हणून, तर जगायचं न्हाईत ते."

म्हणजे तिच्यावर दोन ओझी होती, गेलेल्या म्हशींचं आणि आपण सांगितलेलं असूनही आयुष्यभर गप्प बसायचं. मी तिला माफ करा वगैरे काही म्हणायला लावलं नाही, त्यांच्यासमोर बोला असंही म्हटलं नाही. तिच्या बहिणीला बोलावून घेतलं, आठ दिवस राहायला, कारण तिला बोलायला माणूस हवं होतं आणि हात पण. आशाताईंना सांगून बीपीची गोळी घरपोच केली. तिचं बोलणं मी अण्णांना कधी सांगितलं नाही, इथं लिहितेय ते तिला विचारून.

नातवाचं थोडक्यात. तो रात्री अंथरूण ओलं करायला लागलेला आणि पत्र्यावर पाऊस वाजला की आईला चिकटायचा. सुनेला वाटत होतं पोराला वेड लागतंय की काय. तिला सांगितलं हे या वयात अशा वेळी होतं, रागवू नको, झोपायची वेळ रोजची तीच ठेव, शाळा सुरू झाली की पाठव. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात थांबलं. बाहेरनं आलेल्या एका ग्रुपनं पोरांना पुराची चित्रं काढा म्हणून कागद वाटलेले, त्यानं काढायला नकार दिला आणि क्रिकेटची बॅट काढली. त्याला कळत होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पाणी परत वाढायला लागलं आणि अण्णा पहिल्यासारखे झाले. दोन रात्री गाय आणि रेडी घेऊन हायवेच्या कडेला जाऊन बसलेले, पाणी गावात आलेलं नसताना. मुलगा वैतागला, फोनवर मला म्हणाला यांचं बरं झालेलं परत गेलं. मी म्हटलं, परत गेलं नाही, या वेळी जनावरं आधी काढली ना. जाऊ दे बसू दे, तू जेवण पोचव. तिसऱ्या दिवशी परत आले. दुसऱ्या खेपेचं पाणी म्हटलं की ज्याला पहिल्याचा फटका बसलाय त्याची झोप उडणारच, त्यात आजार शोधत बसू नये. मात्र महिने उलटले तरी रोजचं जेवण, काम, झोप बिघडलेलीच असेल तर ते डॉक्टरकडं न्यायचं. अण्णांना तशी वेळ आली नाही, गावात दोघांना आली, त्यांना औषध लागलं.

दिवाळीत पाडव्याला मी गेले. आमच्याकडं पाडव्याला म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात माळा, कोल्हापुरात तर मिरवतात, पळवतात. अण्णांच्या दारात रेडी होती, शिंगं जेमतेम आलेली, त्यांना लाल रंग लावलेला. दुसऱ्या खुंट्याला काही नव्हतं. अक्कानं फराळाचं ताट पुढं ठेवलं आणि अण्णा बाहेर गेलेत बघून म्हणाली, एक दिवस ते आपणच म्हणाले, तू म्हटलीस तसं सोडायला पायजे हुत्या. मी विचारलं मग तुम्ही काय म्हणालात. "काय म्हणणार, भाकरी थापत हुतो, तशीच थापली."

जुलै २०२१ ला पंचगंगा परत आली, या वेळी ५६ फुटांच्या वर, २०१९ पेक्षा पण जास्त. कोविडमुळं आम्हाला लगेच जाता आलं नाही. मी फोन केला तर अक्कानं उचलला. म्हशी, आता तीन होत्या, पाणी पायरीपासून लांब असतानाच काढलेल्या, आणि म्हणे अख्ख्या गल्लीनं काढल्या. मी अण्णांना द्या म्हटलं. ते बाहेर धार काढत होते. मग मी विचारलं, "अक्का, बीपीची गोळी?"

"पिशवीतच हाय," ती म्हणाली, "आदी तीच घेतली."